केस मागे घेण्याबाबत

मंगळवार, १८ मार्च रोजी दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी चिंचखार येथील लोकमंगल सार्वजनिक वाचनालयाचा संगणक बंद पडला. त्या वेळी वाचनालयात तीन माणसे होती. ग्रंथपाल सोनल पुस्तकांची नोंद करत 'म'पर्यंत आली होती, कार्यवाह तुळशीराम म्हात्रे तिच्या नोंदी तपासत होते, आणि तिसरे एक गृहस्थ वर्तमानपत्राखाली झोपले होते. संगणकाने आधी किर्र आवाज केला, मग आवाज थांबला आणि थोड्या वेळाने पडदा काळा झाला. झोपलेले गृहस्थ आवाज थांबल्यामुळे जागे झाले.

हा संगणक पत्त्यांच्या कॅटाएवढा होता. तुळशीरामांची मुलगी पूनम खारघरला एका कंपनीत आहे. तिने दोन वर्षांपूर्वी तो वाचनालयाला दिला. एकच हिरवी पट्टी, तिच्यावरच सगळा कॉम्प्युटर, आणि वर प्लास्टिकची डबी. डबीत रुपयाएवढा पंखा. या डबीत वाचनालयाच्या अकरा हजार चारशे पुस्तकांची यादी राहते यावर कार्यकारी मंडळातल्या दोन सभासदांचा अजून विश्वास बसलेला नव्हता.

तुळशीराम तेहतीस वर्षे भूकरमापक होते. जमिनी मोजणे हे त्यांचे काम होते आणि लोकांची भांडणे ऐकून घेणे हा त्या कामाचा भाग होता. 'अंदाजे' हा शब्द त्यांनी नोकरीत कधी वापरला नाही आणि निवृत्तीनंतर वापरायला त्यांना कारण सापडले नाही. शुक्रवार, ४ एप्रिल रोजी जिल्ह्याहून तपासणी अधिकारी येणार होत्या. यादी संगणकावर चालू स्थितीत दाखवता आली तर वाचनालय 'ड' वर्गातून 'क' वर्गात जाण्याची शक्यता होती. 'क' वर्ग मिळाला तर अनुदान आणि पगार वाढून सोनल राहणार होती. नाही मिळाला तर ती अलिबागच्या एका शाळेत जाणार होती. शाळा तिला बोलावत होती, आणि तिने तुळशीरामांना तसे स्पष्ट सांगितले होते. पाच वर्षांत वाचनालयातले प्रत्येक पुस्तक तिच्या हातून गेले होते. तिच्या आधीच्या ग्रंथपालांना पुस्तकांची ॲलर्जी होती.

तुळशीरामांनी डबी उघडली. पंखा गंजून जागच्या जागी बसला होता. पात्यांवर मिठाचा पापुद्रा होता आणि त्यात चंदेरी खवल्यांचा बारीक चुरा चिकटला होता.

हा चुरा कुठून आला हे विचारायची गरज नव्हती. वाचनालयाच्या मागच्या खिडकीबाहेर बाबाजी कोळी यांच्या बोंबलांच्या वलांड्या होत्या. बांबूच्या मांडवावर जबड्यात जबडा अडकवून हजारो बोंबील वाळत. समुद्रावरून येणारा वारा आधी बोंबलांतून आणि मग वाचनालयातून जाई. बाहेरगावचे पाहुणे ग्रंथसंपदेकडे बघताना नाकाला रुमाल लावत. चिंचखारच्या माणसांना तो वास पुस्तकांचाच वाटे. त्या वलांड्या वाचनालयाच्या हद्दीत किती आत आहेत हे गावात दोनच माणसांना नक्की माहीत होते. एक तुळशीराम आणि दुसरे बाबाजी. चोवीस वर्षांत दोघांनी त्याबद्दल एक शब्द काढला नव्हता. सुट्टीच्या दिवशी बाबाजींच्या घरून तुळशीरामांकडे ताजी मासळी येई आणि कोळीवाड्यातला कोणताही सरकारी कागद आधी तुळशीरामांच्या चष्म्याखालून जाई.

संध्याकाळी पूनमला फोन लागला.

"बाबा, नवीन पंखा टाकू नका. तोपण जाम होणार. फॅनलेस केस घ्या. मेटलची."

"पंखा नाही तर थंड कसा राहणार?"

"अहो, केसच थंड करते. झाकणाला आतून एक खूर असतो, तो चिपला टेकतो. मधे मऊ पॅड. सगळी गरमी केसमध्ये येते आणि वरच्या पात्यांतून हवेत जाते. आवाज नाही, हवा आत खेचायला नको, मीठ आत जायला नको."

"पाती किती असावीत?"

"बाबा, पाती मोजू नका."

तुळशीरामांनी पाती मोजली. पुढचे दोन दिवस मोबाइलवर मिळतील तेवढ्या केसांची चित्रे पाहून त्यांनी आडव्या कागदावर तक्ता केला: धातू, वजन, पात्यांची संख्या, पात्यांची उंची, दोन पात्यांतले अंतर, स्क्रू कशाचे, बुडाला पाय आहेत की नाही. एका केसला तेरा पाती होती, एकीला सतरा. सतरा पातीवालीतले अंतर इतके कमी होते की त्यात बोंबलाचे खवले अडकले तर काढायला सुई लागली असती, असा शेरा त्यांनी रकान्यात लिहिला. तक्ता पाहून त्यांच्या पत्नी सोनूबाई म्हणाल्या, "पूनमची स्थळं बघताना एवढं केलं नव्हतं."

गुरुवारी कार्यकारी मंडळाची सभा झाली. अध्यक्ष गणराज पाटील यांचे नागावला होमस्टे आहे. पाहुण्यांना तांब्याच्या तांब्यातून पाणी देतो, त्यामुळे ते परत येतात, असे त्यांचे मत आहे.

"तांब्याची करा," अध्यक्ष म्हणाले. "तांब्यात पाणी थंड राहतं, कॉम्प्युटर का नाही राहणार? अलिबागला आमचा ओळखीचा कासार आहे, तो ठोकून देईल."

"खाऱ्या हवेत तांबं हिरवं पडतं," तुळशीराम म्हणाले.

"मग दर आठवड्याला चिंचेनं घासायचं."

सभासद रचना टीचर यांनी माठाची सूचना केली. संगणक कोरड्या माठात ठेवावा आणि तो माठ ओल्या वाळूत. सोनूबाई सभासद नव्हत्या, पण चहा घेऊन आल्या होत्या. त्यांनी घरातला स्टीलचा मसाल्याचा डबा देऊ केला. भोके पाडून घेतली की झाले, शिवाय सात वाट्या. तुळशीरामांनी सर्व सूचना लिहून घेतल्या आणि प्रत्येकीला कारणासह उत्तर दिले. स्टील गरमी धरून ठेवते. साध्या ॲल्युमिनियमला या हवेत पांढरी भुकटी सुटते. काळ्या रंगाची घ्यावी. तो रंग वरून दिलेला नसतो, धातूत मुरवलेला असतो, म्हणून मीठ लागत नाही. पाती तेरा. अध्यक्षांनी कासाराचा मुद्दा सोडला नाही, त्यामुळे केस विकत घ्यायची की करून घ्यायची हे कार्यवाहांवर सोपवून सभा संपली.

सोनलने ठराव असा लिहिला होता: "संगणक वारंवार तापून बंद पडत असल्यामुळे, तसेच मागील खिडकीतून येणाऱ्या खाऱ्या हवेने पंखा गंजून नुकसान झाल्यामुळे, पंखा नसलेली, धातूची, टिकाऊ केस घेण्यात अथवा करण्यात यावी."

तुळशीरामांना लांब वाक्य आवडत नसे. मोजणीच्या नकाशावर वायफळ शब्दाला जागा नसते, आणि इतिवृत्त हा सभेचा नकाशा आहे, असे ते सोनलला सांगत. त्यांनी तांबडी पेन्सिल घेतली. संगणक हा विषय कार्यसूचीत वर आलेलाच आहे, म्हणून तो शब्द गेला. घेणे आणि करणे यांपैकी 'करणे' व्यापक, म्हणून 'घेण्यात' गेले. पंखा नाही हे सांगायला पंख्याचे नाव कशाला, म्हणून पंखा गेला. धातू टिकाऊपणात आला. शुक्रवारी सकाळी वाचनालयाबाहेरच्या काचेच्या फलकात, बस थांब्यावरून वाचता येईल अशा अक्षरात, पुढील मजकूर लागला:

"ठराव क्र. ३. मागील बाजूने होत असलेले नुकसान लक्षात घेता टिकाऊ केस करण्यात यावी. सर्वानुमते मंजूर."

त्यांनी तो दोनदा वाचला आणि त्यात काढण्यासारखा एकही शब्द उरला नाही याचे त्यांना समाधान वाटले.

त्याच सकाळी ते टेप घेऊन वाचनालयाच्या मागे गेले. केस मागच्या भिंतीवरच्या फळीवर ठेवायची होती, आणि वलांड्यांपासून खिडकीचे अंतर तक्त्यात यायचे राहिले होते. बाबाजी बोंबील उलटत होते.

"बाबाजी, टेपचं टोक जरा धरता?"

बाबाजींनी ते खिडकीखाली धरले. तुळशीराम टेप सोडत वलांडीच्या शेवटच्या बांबूपर्यंत गेले आणि आकडा वहीत लिहिला.

"भाऊ," बाबाजी म्हणाले, "केस करताव असा वाचला फलकावर."

"ठरलंय. सर्वानुमते."

"सगल्यांनी हात वर केला?"

"हात वर करायची वेळच आली नाही. विरोध कोणाचाच नव्हता."

बाबाजींनी टेपकडे बघितले. "कवा करनार?"

"चार तारखेच्या आत. जिल्ह्याहून साहेब यायच्या आत झाली पाहिजे."

"आन कती वरसं चालल?"

"चांगली असली तर वीस वर्षं. पूनम म्हणते, जास्तही. आपण नसू, केस असेल."

"गावात आवाज व्हईल, भाऊ."

"अजिबात नाही. तीच तर खुबी आहे. आतल्या आत तापते, बाहेर चकार शब्द नाही."

बाबाजींनी टेपचे टोक हळूच सोडले. ते सरसरत तुळशीरामांच्या हातात गेले. "मंग आमी काय कराचा?"

"तुम्ही काय करणार?" तुळशीराम आपुलकीने म्हणाले. "वारा तुमच्या बाजूनं येतो. तो काही तुमच्या हातात नाही."

घरी आल्यावर त्यांनी सोनूबाईंना सांगितले, की बाबाजींना संगणकाची एवढी काळजी असेल असे वाटले नव्हते.

रविवारी सकाळी वलांड्या नव्हत्या. बांबू रोवलेले खड्डे तेवढे दोन सरळ रांगांत राहिले होते. सोमवारी आवडाबाई, म्हणजे बाबाजींच्या पत्नी, तीन पुस्तके घेऊन आल्या आणि सोनलच्या टेबलावर ठेवून निघाल्या. आवडाबाई आठवड्याला तीन कादंबऱ्या वाचत. वाचनालयाच्या इतिहासात त्यांच्याइतकी पुस्तके कोणी हलवली नव्हती.

"मावशी, यात खूण अर्ध्यावर आहे. वाचून झालं नाही वाटतं?"

"ऱ्हाऊं दे. तुमची वस्तू तुमच्याकं बरी."

"दुसरं काढून देऊ?"

"नको. घरात तुमचा कागूद नको." आणि त्या गेल्या.

त्यानंतर कोळीवाडा आला. कोणी बोलले नाही, कोणी भांडले नाही. माणसे येत, पुस्तक ठेवत आणि जात. दोन दिवसांत एकशे बारा पुस्तके परत आली. त्यांतली त्रेचाळीस मागेच गहाळ म्हणून रजिस्टरमधून कमी केलेली होती. एकावर अकरा वर्षांपूर्वीच्या तारखेचा शिक्का होता आणि पानांत सोडे ठेवल्याचे डाग होते. वाचनालयाने गेली दहा वर्षे पाठवलेल्या स्मरणपत्रांनी जे झाले नव्हते ते एका ठरावाने झाले, पण ते कशाने झाले हे वाचनालयाला माहीत नव्हते. तुळशीरामांनी याचे श्रेय शिमग्यानंतरच्या घरसफाईला दिले.

सोनलची मात्र पंचाईत झाली. गहाळ पुस्तकांना नवीन क्रमांक द्यायचा की मेलेला जुना क्रमांक उठवायचा, याबद्दल नियम नव्हता. तिने जुने क्रमांक उठवले आणि प्रत्येकापुढे 'पुनःप्राप्त' असे लिहिण्याचे ठरवले. संगणक बंद असल्यामुळे ती सध्या ते वहीत लिहीत होती.

केस गुरुवारी, २७ तारखेला आली. पूनमने व्हिडिओ कॉलवर दाखवत दाखवत ती बसवून घेतली. पॅडवरचा कागद काढायचा हे तिने तीनदा सांगितले, आणि चौथ्यांदा सांगितले तेव्हा तो निघाला. काळी, जड, तेरा पात्यांची केस फळीवर बसली. संगणक चालू झाला. कसलाही आवाज नव्हता. झोपणाऱ्या गृहस्थांना त्या दिवशी झोप लागली नाही.

तुळशीराम दर पंधरा मिनिटांनी तापमान वहीत लिहू लागले. एकोणसाठ, साठ, साठ, एकसष्ट. त्यावर ते चढेना. अध्यक्ष नागावहून पाहायला आले, त्यांनी झाकणावर हात ठेवला आणि चटकन काढला.

"ही तापलीय की."

"तापायलाच हवी. ती तापली म्हणजे आतला निवला."

"मग आपण थंड करायला आणली का तापवायला?" अध्यक्ष म्हणाले. "वर एक टेबलफॅन सोडा."

"पंखा नको म्हणूनच ही घेतली."

"मी तांब्याची म्हणत होतो," अध्यक्ष म्हणाले, आणि हे वाक्य त्यांनी त्या दिवसापासून कोणत्याही विषयावर वापरले.

शनिवारी अलिबागच्या एका वकिलांचे रजिस्टर पत्र आले. त्यात म्हटले होते, की आमचे अशील श्री. बाबाजी कोळी यांच्याविरुद्ध आपल्या संस्थेने ठराव क्र. ३ अन्वये केस करण्याचे ठरविले असून, दिनांक २१ रोजी आमच्या अशिलाकरवीच जागेची मोजणी करून घेण्यात आली आहे. तरी सदर केसची प्रत सात दिवसांत मिळावी.

तुळशीरामांनी पत्र तीनदा वाचले. मग ते उठून फलकापाशी गेले आणि ठराव वाचला. परत आले. सोनलने तोंडावर पदर धरला होता. तिचे खांदे हलत होते.

"ठरावात चूक नाही," तुळशीराम म्हणाले.

"नाही सर."

"केस हा शब्द बरोबर आहे."

"मी 'संगणक' लिहिलं होतं, सर."

तुळशीरामांनी तांबडी पेन्सिल खिशात ठेवली. घरी सोनूबाईंनी सरळ विचारले, की बाबाजींच्या घरी जाऊन दोन वाक्ये बोलायला काय होते. तुळशीरामांचे म्हणणे असे होते, की संस्थेच्या ठरावाचा अर्थ कार्यवाहाने दारोदार जाऊन सांगायचा नसतो. तरीही संध्याकाळी ते गेले. शुद्ध मराठीत लिहिलेल्या स्वतःच्या वाक्याची माफी कशी मागायची याची त्यांना सवय नव्हती, म्हणून जाताना दोनदा थांबले. बाबाजी बोटीवर होते. आवडाबाई दारात उभ्या राहिल्या. एरवी त्या आत बोलावत.

"वहिनी, गैरसमज झालाय. केस म्हणजे ती केस नाही."

"वकिलांनी सांगितलाय, केसबद्दल काय बोलायचा न्हाय."

"पण केसच नाही."

"मंग बोलायचा कशाला?" आवडाबाई म्हणाल्या. त्या रागावल्या नव्हत्या. "चोवीस वरसं तुमी कंदी बोललाव न्हाय, भाऊ. आमाला वाटला, मोठ्या मनाचा मानूस. आता फलकावर लावलाव."

तुळशीराम परतले. रात्रीच्या जेवणात मासळी नव्हती. दुसऱ्या दिवशी त्यांनी वकिलांना केसच्या छायाचित्रासह उत्तर पाठवले. त्या दिवशी रविवार आणि पाडवा होता, त्यामुळे ते उत्तर वकिलांच्या हाती तपासणीच्या दिवशी पडले.

शुक्रवारी अकरा वाजून चाळीस मिनिटांनी तपासणी अधिकारी आल्या. शांत बाई होत्या. त्यांनी यादीतली पाच नावे विचारली. सोनलने पाचही पुस्तके दोन मिनिटांत समोर ठेवली. त्यांनी सहावे नाव काढले, त्यापुढे 'पुनःप्राप्त' असे होते. गहाळ पुस्तके परत मिळवणारे वाचनालय मी पहिल्यांदा बघते, असे त्या म्हणाल्या, आणि सोनलने खाली बघितले. संगणक कुठे आहे असे त्यांनी विचारले. तो समोरच होता. तुळशीरामांनी तापमानाची वही पुढे केली. बाईंनी तीही वाचली.

मग त्यांनी आवक रजिस्टर मागितले. शेवटच्याच पानावर वकिलांच्या पत्राची नोंद होती आणि तिथेच पत्र लावलेले होते. त्यानंतर त्यांनी इतिवृत्त मागितले आणि ठराव क्र. ३ वर बोट ठेवले.

"एकतिसावा रकाना. संस्थेचे न्यायालयीन प्रकरण चालू आहे काय?"

"नाही."

"इथे केस करावी असं आहे."

"ती ही," तुळशीराम म्हणाले आणि फळीकडे हात केला.

बाईंनी केसकडे पाहिले, मग पत्राकडे, मग रिकाम्या वाचनकक्षाकडे. तिथे एकच गृहस्थ होते आणि ते जागे होते. "म्हात्रे, मला पटतं हो. पण शेऱ्यात छायाचित्र चिकटवता येत नाही. शेजाऱ्यांकडून 'वाद नाही' असं पत्र घेऊन पाठवा. 'क' वर्गाची शिफारस मी करते."

रविवारी बाबाजी आणि आवडाबाई केस बघायला आले. वकिलांनी त्यांना छायाचित्र दाखवले होते. बाबाजी फळीसमोर वाकले.

"यवढीशी?"

"एवढीच."

"हिच्यापायी मी वलांड्या काडल्या. आठ दिस घरवालीनं माझेशी अबोला धरला. म्हनं, तुमीच भाऊला कायतरी वाकडा बोलला असाल." त्यांनी एका बोटाने पात्याला स्पर्श केला. "तापते."

"तापायलाच हवी," आवडाबाई म्हणाल्या. त्यांनी तोवर सोनलकडून सगळे समजून घेतले होते आणि अर्धवट राहिलेली कादंबरी पिशवीत टाकली होती.

"मना पटला, भाऊ," बाबाजी म्हणाले. "पन गावकी बसली व्हती माझेसाटी. तिथं कागूद दावाय पायजे. केस कागदावर झाली, तं मागं पन कागदावर घ्याया पायजे. केस मागं घेतली असा लिवून द्या, मी लगेच सही करतो."

तुळशीरामांनी दोन दिवस विचार केला. खोटे लिहिणे त्यांना जमणारे नव्हते आणि खरे लिहिले तर गावकीला पुरणारे नव्हते. मंगळवारी त्यांनी मंडळाची तातडीची सभा घेतली. सभेच्या समक्ष केस फळीच्या पुढच्या कडेवरून उचलून भिंतीच्या दिशेने सरकवली आणि टेप लावून अंतर मोजले. मग ठराव क्र. ४ झाला: "ठराव क्र. ३ अन्वये केलेली केस मागे घेण्यात आली आहे." किती इंच, हे त्यांनी लिहिले नाही. मोजलेला आकडा मुद्दाम न लिहिण्याची ही त्यांची पहिली वेळ होती. बाबाजींनी पत्रावर सही केली. दुसऱ्या दिवशी बांबू परत आपापल्या खड्ड्यांत उभे राहिले.

दोन्ही कागद जिल्ह्याला गेले. २९ एप्रिलला उत्तर आले: केस मागे घेतल्याचे समजले, सक्षम न्यायालयाच्या तशा आदेशाची प्रत जोडावी. तुळशीरामांनी लिहिले, की केस न्यायालयात कधीच नव्हती. त्यावर २० मेला उत्तर आले, की जी केस नव्हती ती मागे घेता येत नाही, ठराव क्र. ३ व ४ परस्परविसंगत ठरत असून, न्यायालयीन आदेशाअभावी वर्गबदलाचा प्रस्ताव विचारात घेता येणार नाही. सोनलने पत्र फायलीला लावले आणि तिच्या शाळेचेही पत्र आल्याचे सांगितले. शाळा १६ जूनला उघडत होती.

कोर्टाची सुट्टी संपल्यावर, मंगळवार, १० जूनला तुळशीराम अलिबागला गेले. बाबाजी सोबत आले. मासेमारी बंद होती आणि भाऊला एकट्याला कोर्टात पाठवणे त्यांना बरे वाटले नाही. खिडकीतल्या बाबूंनी सगळे ऐकून घेतले.

"नंबर सांगा."

"नंबर नाही. केस दाखलच नाही."

"मग मागे काय घेणार? आधी दाखल करा, नंबर पडेल. मग मागे घेण्याचा अर्ज करा, त्यावर आदेश होईल."

"किती दिवस?"

"दोघांचं पटलेलं असेल तर लवकर. पण कोणी कोणावर केली, कशाबद्दल केली, ते लिहावं लागेल. खरं कारण लिहा. खोट्या दाव्याचा वेगळा त्रास होतो."

दोघे बाहेरच्या बाकावर बसले. बाबाजींनी पानाचा डबा उघडला आणि तुळशीरामांपुढे केला. तुळशीराम पान खात नसत. त्या दिवशी त्यांनी घेतले.

"तुमीच टाका माझेवर, भाऊ," बाबाजी म्हणाले. "लोकांना ठाऊकच हाय."

"कारण काय लिहू?"

बाबाजींनी डब्याचे झाकण लावले. तुळशीरामांच्या खिशातल्या वहीत हद्दीत आलेल्या वलांड्यांचा २१ मार्चचा आकडा होता, आणि खरे म्हणावे असे तेवढे एकच कारण दोघांपाशी होते. एकदा ते कोर्टाच्या कागदावर चढले की ते कितीही मागे घेतले तरी नकाशात राहते, हे तेहतीस वर्षे मोजणी केलेल्या माणसाला सांगावे लागत नाही.

"नायतर मी टाकतो तुमच्यावर," बाबाजी म्हणाले.

"कशाबद्दल?"

"फलकावर माजी इज्जत काडली. ता पन खराच हाय."

तुळशीरामांनी पान चघळणे थांबवले. मग त्यांनी टोपणाचे पेन काढले आणि वादी व प्रतिवादी हे दोन रकाने बराच वेळ पाहिले.

गुरुवार, १२ जूनच्या संध्याकाळपर्यंत अर्ज दाखल झालेला नाही. वादी कोण, यावर दोघांची रोज मागच्या खिडकीत चर्चा होते आणि दोघेही प्रतिवादी होण्याचा मान स्वतःकडे घ्यायला तयार आहेत. सोनलने शाळेकडे शनिवारपर्यंतची मुदत मागितली आहे. शाळेने अजून कळवलेले नाही.